काजळीतली नावं

(जाफराबाद, लढाईची वर्षं. पूर्णेकाठच्या मोकळ्या रानात फिरत्या सिनेमाचा तंबू अर्धा उभा आहे. मालक धर्मराज खुर्चीवर. मशीन चालवणारे लालमियाँ खाली पोत्यावर. पुढ्यात पेटता कंदील आणि काचेच्या पट्ट्या. ऊन कललेलं.)

धर्मराज : ...आणि मियाँ, हे तुम्ही काळजावर कोरून ठेवा. सिनेमा म्हणजे पहिली दोन मिनिटं. पुढचे अडीच तास हा त्या दोन मिनिटांचा नुसता खुलासा असतो. पडद्यावर नावं येतात, मागं वाद्य वाजतं, आणि माणूस पहिली शेंग फोडायच्या आत ओळखतो की इथं रडायला आलोय की हसायला, कुणावर जीव लावायचा आणि कुणाच्या नावानं बोटं मोडायची. राजवाडा कितीही मोठा असो, त्याचा रुबाब दरवाजावरच कळतो. नावं म्हणजे सिनेमाचा दरवाजा.

लालमियाँ : बराबर. आणि आपल्या सिनेमाला दरवाजाच नाही.

धर्मराज : नाही म्हणून तर बोलतोय.

लालमियाँ : दरवाजा होता तेव्हाही बोलतच होता, मालक. मागच्या साली परतूरला नावं चांगली धडधाकट होती. तुम्ही पडद्यापुढं उभं राहून नावांचं महत्त्व सांगत राह्यलात, आणि सगळी नावं तुमच्या सदऱ्यावर पडून गेली. लोकांनी हिरोचा चेहरा तुमच्या पोटावर पाह्यला.

धर्मराज : तो विषय वेगळा. जालन्याच्या स्टेशनात रिळांचा डबा उतरवून घेताना तुम्ही तो उघडून बघायला हवा होता.

लालमियाँ : उघडला. बघितला. तुम्हाला सांगितलं, की मालक, पहिल्या रिळाचं तोंड आधीच्या तंबूवाल्यानं मशीनमध्ये अडकवून जाळलंय. नावं गेली. गोष्ट एकदम देवळातून सुरू होते. तुम्ही काय म्हणालात?

धर्मराज : काय म्हणालो?

लालमियाँ : म्हणालात, नावंच गेली ना? गोष्ट तर शाबूत आहे? मग उचला, गाडीत टाका.

धर्मराज : प्रवासात माणूस दमलेला असतो. दमलेल्या माणसाचं बोलणं धरून बसू नये. ते जाऊ द्या. केदारखेड्यात परवा नेमकं काय झालं ते मला अजून धड उमगलेलं नाही. मी बाहेर तिकिटाच्या खिडकीशी होतो. आतून बायका हुंदके देताना ऐकू आल्या, म्हटलं, वा, खेळ रंगला.

लालमियाँ : रंगला? ऐका मग. आपला दिवाण पडद्यावर पहिल्यांदा येतो तो देवळात. गोरापान, कपाळाला गंध, आणि भिकाऱ्याच्या झोळीत ओंजळ ओंजळ दाणे टाकून राह्यला. आपला हिरो पहिल्यांदा येतो तो दुसऱ्याच्या भिंतीवरून उडी मारून, काखेत कोंबडी. ती कोंबडी आजारी बहिणीच्या रश्श्यासाठी आहे, हे कळायला दुसरं रीळ लागतं. आता केदारखेड्याच्या माणसानं काय समजायचं? त्याला आपल्या घरच्या कोंबड्या आठवल्या. तो तिथंच दिवाणाच्या बाजूचा झाला.

धर्मराज : नावं असती तर...

लालमियाँ : नावं असती तर झंझटच नव्हती. जालन्याला आपण अख्खा पाह्यला होता ना? हिरोचा चेहरा गोल चौकटीत, मागं बासरी. दिवाणाचा चेहरा अर्धा अंधारात, मागं ढोल. एकदा ढोल कानात शिरला की मग दिवाणानं देवळात सोनं वाटलं तरी माणूस फसत नाही. आणि कोंबडीवाल्याला बासरी मिळाली की लोक आपसूक म्हणतात, घेतली असेल बिचाऱ्यानं काही अडचणीनं.

धर्मराज : हेच. अगदी हेच मी मघापासून सांगतोय.

लालमियाँ : तुम्ही दरवाजाचं सांगत होता. मी कोंबडीचं सांगतोय. तर इंटरवलपर्यंत लोक गप होते. मग हिरोनं दिवाणाच्या कानाखाली लावली. पडद्यावर शेंगांची टरफलं आली. पुन्हा लावली, तेव्हा न फोडलेल्या शेंगा आल्या. शेवटाला दिवाण बुरुजावरून खाली गेला, आणि बायकांच्या बाजूला झुंबरबाई म्हणून एक बाई होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावून सुरू केलं, की दानधर्म करणाऱ्याच्या नशिबी हेच का रे देवा. त्यांचं पाहून बाकीच्यांनी सुरू केलं. हिरो हिरॉइनच्या गळ्यात माळ घालून राह्यला आणि गाव सगळं मयतीला बसल्यासारखं.

धर्मराज : मग पाटील माझ्याकडे आले ते त्यासाठी.

लालमियाँ : मग कशासाठी? ते म्हणाले, हा शेवट आमच्या गावात चालणार नाही, दुसरा असेल तर लावा. तुम्ही म्हणालात, डब्यात एकच शेवट येतो. ते म्हणाले, मग डबा उचला. एवढ्यावर भागत होतं. पण तुम्ही त्यांना समजवायला गेलात.

धर्मराज : मी त्यांना दुष्टाच्या अंताचं तत्त्व सांगितलं. नाटक कंपनीत पडदा ओढायला होतो तेव्हापासून मला ते पाठ आहे.

लालमियाँ : तत्त्व ऐकल्यावर त्यांनी बैल जुंपायलाही वेळ दिला नाही. आपण जे निघालो ते थेट इथं.

धर्मराज : आता हे रान मिळालंय ते काकासाहेबांच्या मेहरबानीनं. इथं बिघडलं तर पुढं जागा नाही, मियाँ. भोकरदनला खबर पोचली. तीर्थपुरीकरांनी तर न विचारताच निरोप धाडला, की कोंबडीचोराचा खेळ आमच्याकडं आणू नका. आज रात्री जाफराबाद आपल्या बाजूचं झालं नाही, तर तंबू गुंडाळायचा, जालन्याला न्यायचा आणि जिनिंगवाल्याला कापूस झाकायला देऊन टाकायचा. बारा वर्षं ह्या कापडाखाली काढली आहेत मी.

लालमियाँ : माहीत आहे. त्यातली नऊ मीही काढली. म्हणूनच हे करून राह्यलो. विडीच्या जाहिरातीच्या काचा होत्या, त्या पुसल्या. आता कंदिलाची काजळी धरायची, वाळली की सुईनं चेहरा कोरायचा, खाली नाव. जाहिरातीच्या जागी घालून खेळाच्या आधी पडद्यावर टाकायच्या. जळाली ती नावं जळाली, ही आपल्या घरची.

धर्मराज : कल्पना माझीच होती.

लालमियाँ : तुमची कल्पना चितारी बोलवायची होती. चितारी सिल्लोडला लग्नात गेलाय. माझं अजून म्हणणं आहे, मालक, हे सगळं सोडा. खेळाच्या आधी उभे राहा आणि दोन शब्दांत सांगा, की लोकहो, गंधवाला वाईट, कोंबडीवाला चांगला. संपलं.

धर्मराज : मी सांगितलं तर ते माझं मत झालं. माझ्या मताला कोण विचारतो? पडद्यावर आलं म्हणजे ते खरं. आणि असं उघडं सांगायचंच नसतं. नावांनी नुसती कुणकुण लावायची असते. दिवाणाचं नाव असं काढा, की अक्षरं बघूनच पोटात गोळा यावा.

लालमियाँ : अक्षर वाचणारे इथं बोटावर मोजण्याइतके, आणि ते तिकिटाशिवाय येणारे. गोळा चेहऱ्यानंच आणावा लागेल.

रखमाजी : मालक हायेत का? राम राम. मी रखमाजी. काकासाहेबाच्या घरून आलो.

धर्मराज : या, या. बसा. काकासाहेब बरे आहेत ना? आज रात्री येतायत ना?

रखमाजी : ते पाहू. आधी इचारायला धाडलं मले. काकासाहेबाची बहीन केदारखेड्याला देलेली हाय. झुंबरबाई. आज सकाळीच छकड्यात बसून माहेराला आल्या. आल्यापासून जेवल्या न्हाईत.

लालमियाँ : या अल्ला.

रखमाजी : तर काकासाहेब म्हनले, जाऊन इचार, तुमच्या खेळात चांगल्या मानसाला बुरजावरून ढकलून देतेत म्हनं, ते काहून?

धर्मराज : रखमाजी, तो चांगला माणूस नव्हे. तो दिवाण. महाकपटी.

रखमाजी : बाई म्हनतेत त्यानं दाने वाटले.

धर्मराज : ते ढोंग होतं.

रखमाजी : दाने खरे व्हते का न्हाई?

धर्मराज : दाणे... दाणे खरेच होते.

रखमाजी : भिकाऱ्याच्या झोळीत पडले का न्हाई?

लालमियाँ : पडले.

रखमाजी : मंग ढोंग कशात व्हतं?

धर्मराज : मनात, रखमाजी, मनात. वरून दाणे, आतून राज्य बळकवायचा डाव. हे सुरुवातीलाच कळायला हवं होतं, पण आमच्या सिनेमाचं सुरुवातीचं तोंड जळालं. त्या तोंडावर सगळ्यांची ओळख करून दिलेली होती.

रखमाजी : म्हंजे वळख न देताच तुम्ही मानसं गावात सोडले. हे बराबर न्हाई. आमच्याकडं सोयरा आला तरी पयलं सांगतेत, हा कुनाचा कोन. अन् काकासाहेबाचं बोलनं ऐका आता. ते म्हनले, आज खेळ व्हऊ द्या. पन कोन चांगला, कोन लबाड, हे समद्यायले आधी कळलं पायजे. बाईला कळलं पायजे. न्हाई कळलं, तर उद्या सकाळी ह्या रानात नांगर घालायचा हाय.

धर्मराज : नांगर? आत्ता? जमीन भाजून निघालीय.

रखमाजी : ते मीबी म्हनलो. म्हनले, तरी घालायचा.

लालमियाँ : त्यांना सांगा, बेफिकीर राहा. हे बघा, ओळखीचंच काम चाललंय. ही हिरोची काच. ही हिरॉइनची. ही दिवाणाची करतोय. खेळाच्या आधी एकेक चेहरा पडद्यावर येणार, खाली नाव, मागं वाजंत्री. सोयऱ्यासारखी ओळख.

रखमाजी : पडद्यावर? ह्या काचीचं एवढं मोठं व्हतं?

लालमियाँ : तंबूएवढं.

रखमाजी : नाव बी तेवढंच मोठं?

लालमियाँ : तेवढंच.

रखमाजी : जातो. सांगून येतो.

धर्मराज : पाहिलंत? भला माणूस. चटकन पटलं त्याला.

लालमियाँ : तो 'नाव बी तेवढंच मोठं' म्हणाला तेव्हा तुम्ही त्याचा चेहरा बघितला नाही. कंदील जरा इकडं सरकवा. आणि दिवाणाचं सांगा, दोन्ही डोळे काढू का एकच?

धर्मराज : एकच. दुसरा अंधारात. दिसणाऱ्या डोळ्याची माणसाला भीती वाटत नाही, मियाँ, न दिसणाऱ्याची वाटते. आणि त्याला हिरोच्या नंतर लगेच आणू नका. मध्ये हिरॉइन घाला. बासरीवरून एकदम ढोलावर गेलं की लोक दचकतात खरे, पण कशाला दचकलो ते त्यांना कळत नाही. आधी जीव लागू द्या, मग जीवाला घोर. हा क्रम आहे. मूळ सिनेमात बेट्यांनी अगदी असाच लावला होता.

लालमियाँ : हे मात्र तुम्ही बराबर बोललात.

धर्मराज : मी नेहमीच बराबर बोलतो. फक्त कुणी शेवटपर्यंत थांबत नाही.

रखमाजी : आलो बरं का मी. मालक, काकासाहेबाला लई आवडलं. त्यायनी एकच इचारलं. म्हनले, रान कुनाचं?

धर्मराज : काकासाहेबांचं.

रखमाजी : मंग पडद्यावर पयलं नाव कुनाचं?

लालमियाँ : मी म्हणालो नव्हतो?

धर्मराज : अवश्य, अवश्य. त्यांचं नाव घालायलाच हवं. शेवटी आभार म्हणून घालू.

रखमाजी : शेवटी लोक पायतानं हुडकत असतेत. पयलं म्हनले. अन् बाकीच्यांचा चेहरा हाय, तर आमचा बी पायजे म्हनले.

लालमियाँ : रखमाजी, थोडं समजून घ्या. नावांमध्ये ज्याचा चेहरा आला, त्याची लोक वाट बघतात. तोच कायदा आहे. काकासाहेबांचा चेहरा आला, की जाफराबाद सगळं वाट बघत बसणार. इंटरवलला मला विचारतील, काकासाहेब केव्हा येतात? घोड्यावरून येतात का? शेवटपर्यंत आले नाहीत, तर तिकीट परत मागतील.

रखमाजी : हिरोच्या बाजूला टाका की. मंग काय हरकत?

लालमियाँ : हिरोच्या बाजूला टाकले तर हिरोचे वडील झाले. पोरानं कोंबडी चोरली तेव्हा हे कुठं होते, असं म्हणतील.

रखमाजी : मंग त्या दिवाणाच्या आधी टाका.

धर्मराज : मग दिवाणाला कामावर ठेवणारे तेच, असा अर्थ निघतो.

रखमाजी : अन् ती जी बाई हाय, तिच्याजवळ?

लालमियाँ : तुम्हीच सांगा.

रखमाजी : न्हाई. हे मी बोललोच न्हाई असं समजा.

धर्मराज : आणि वाजंत्रीचं काय करणार? आमच्याकडं बासरी आहे, ढोल आहे आणि विदूषकासाठी घंटी आहे. बासरी वाजवली तर काकासाहेब हिरो. ढोल वाजवला तर...

रखमाजी : ढोल नगं.

धर्मराज : घंटी तर नकोच.

लालमियाँ : चौथं वाद्य तंबूत नाही. इंजिनाचा भोंगा आहे.

रखमाजी : मालक, मी हुकमाचा मानूस. मले हे समदं तिथं सांगता येत न्हाई. मी 'न्हाई' घेऊन गेलो तर ते नांगरच काढतेत. एक करा. आधी चेहरा तर काढा, मंग कुठं बसवायचा ते पाहू.

लालमियाँ : कुणाला बघून काढू? ते येऊन बसतील का पाच मिनिटं?

रखमाजी : ते कशाला येतेत? मी सांगतो ना. रोज पाहून राह्यलो त्यायले.

लालमियाँ : बरं. नाक कसं आहे?

रखमाजी : बराबर मधी.

लालमियाँ : कपाळ?

रखमाजी : पागोट्याखाली.

लालमियाँ : पागोट्याखाली कसं आहे म्हणतो मी.

रखमाजी : ते पाह्यलं न्हाई. पन मिशा लिहून घ्या. मिशा म्हंजे काकासाहेब. जाड, काळ्याभोर, टोकं वर. मिशा जमल्या की बाकी कायबी चालंल.

लालमियाँ : हे घ्या. पागोटं. नाक, मधोमध. आणि ह्या मिशा. कंदिलापुढं धरतो. बघा.

रखमाजी : हे कोन?

लालमियाँ : काकासाहेब.

रखमाजी : हे त्यायचे वडील झाले. त्यायला जाऊन लई वर्सं झाले. मिशा पांढऱ्या काहून केल्या?

लालमियाँ : रखमाजी, ही काजळी आहे. सुईनं कोरलं तिथून उजेड जातो. जे कोरलं ते पांढरंच दिसणार.

रखमाजी : मंग मिशा कोरू नका.

लालमियाँ : नाही कोरल्या तर दिसणार नाहीत.

रखमाजी : म्हंजे भादरलेल्या? काकासाहेबाच्या घरात कुनी गेलं का काय, असं इचारतेत की लोक. मालक, ह्या मियाँला सांगा. रान तर जाईलच, मलेबी गाव सोडावं लागंल.

धर्मराज : थांबा, थांबा. मियाँ, उलट करा. चेहरा सगळाच्या सगळा खरवडून टाका, आणि मिशांपुरती काजळी राहू द्या. चेहरा उजळ, मिशा काळ्या.

लालमियाँ : म्हणजे सगळी काच खरवडायची, आणि मिशांपाशी हात आवरायचा. बोटं बघा माझी, मालक. सकाळपासून ह्या बोटांनी पाणी पितोय. मशीन चालवायला ठेवलं होतं तुम्ही मला.

धर्मराज : मियाँ, बारा वर्षं.

लालमियाँ : नऊ. करतो. पण बोलू नका कुणी. विशेष करून तुम्ही.

रखमाजी : वाईच उजवीकडची मिशी वर घ्या. ...हं. ...डाव्या अंगाला जरा भरून. ...आता झालं. आता हे काकासाहेब. डोळे न्हाईत, पन वळखू येतेत.

लालमियाँ : डोळे ठेवायला गेलो तर एकाची काजळी उडाली, म्हणून दुसराही खरवडला. एका डोळ्याचे काकासाहेब चालले असते का?

धर्मराज : नको, नको. एक डोळा आपण दिवाणाला दिलाय. आता माझं ऐका. काकासाहेबांचा चेहरा पहिला, एकट्याचा. वाद्य काही नाही. पूर्ण शांतता. त्यानंतर एक काच लावा, सगळी काळी.

रखमाजी : तिच्यावर कोन?

धर्मराज : कुणी नाही. नुसता अंधार. लोक जरा चुळबुळतील, खोकतील, पोरांना गप करतील. तेवढ्यात काकासाहेब गावाचे झाले आणि गोष्ट पडद्याची झाली. अंधारापर्यंत रान, अंधारापासून पुढं सिनेमा. मग बासरी. मग कुणी त्यांची वाट बघणार नाही.

लालमियाँ : सकाळपासून घासतोय मी, आणि सगळ्यात उत्तम काच निघाली ती, जिच्यावर काहीच कोरायचं नाही.

रखमाजी : हे मले समजलं न्हाई, पन ऐकायला बरं वाटलं. पयले हायेत ना काकासाहेब? मंग झालं.

धर्मराज : अजून झालं नाही. रखमाजी, तुम्ही हा खेळ पाहिलेला नाही ना? बसा समोर. काचा दाखवतो, बघून सांगा कोण कसा वाटतो. मियाँ, कंदिलापुढं धरा. मी तोंडानं बासरी वाजवतो.

लालमियाँ : हा पहिला.

रखमाजी : हा आपला. गरीब घरचा दिसतो, पन दिलाचा चांगला.

लालमियाँ : याच्या काखेत कोंबडी असली तर?

रखमाजी : दिली असंल कुनी.

धर्मराज : मियाँ, पुढची.

रखमाजी : ही गुनाची पोरगी. हिचं बराबर व्हऊ द्या, मालक. हिचं काही वाईट करू नका.

लालमियाँ : आता हा. थांबा, डब्यावर ढोल वाजवतो मी.

रखमाजी : ...बंद करा ते. हा बेइमान हाय. ह्याचा तो एक डोळा पाहा. असल्याच्या हातून दाने बी घेऊ नयेत.

धर्मराज : दाणे घेऊ नयेत. ऐकलंत, मियाँ? त्यानं न विचारता सांगितलं.

लालमियाँ : ऐकलं, मालक. मी मानलं तुम्हाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

धर्मराज : ह्यालाच म्हणतात सुरुवात. आता दिवाण देवळात येऊ दे, नाहीतर काशीला जाऊ दे.

रखमाजी : काकासाहेबाची काच द्या माझ्याजवळ. फडक्यात धरून नेतो, दाखवून आनतो. धक्का लागला तर मिशा जातेत का?

लालमियाँ : पहिल्या त्याच जातील. हळू जा. ...गेला. मालक, खरं सांगू का? मी तर समजून होतो की आपलं आज संपलं. तंबूचे दोर गुंडाळायचे कसे, ते मनात धरून बसलो होतो.

धर्मराज : मीही. बोलत होतो तो त्याचसाठी. गप्प बसलो असतो तर तुम्हाला कळलं असतं.

लालमियाँ : एवढ्या वर्षांत तुम्ही कधी गप्प बसून बघितलं नाही, म्हणून मला कळायचं राहिलं. चला, खुर्च्या मांडून घेऊ. काकासाहेबांची मध्ये. झुंबरबाईंना पुढं बसवू, जवळून दिसू दे त्यांना दिवाणाचा डोळा.

धर्मराज : गादी टाका खुर्चीवर. आणि मियाँ, दिवाणाची काच जरा जास्त वेळ ठेवा आज. ढोल मी स्वतः वाजवीन.

रखमाजी : आलो मालक. घ्या काच. मिशा शाबूत हायेत. काकासाहेबानं दिव्यापुढं धरून लई वेळ पाह्यली. मिशीवर हात फिरवला. मंग म्हनले, रान पंधरवडा त्यायचं. नांगर पाऊसपानी पाहून घालू.

धर्मराज : वाचलो. रखमाजी, त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि झुंबरबाई?

रखमाजी : बाई दोन घास जेवल्या. त्याबी येतेत. म्हनल्या, पुन्हा एकदा पाहीन, आज त्या भल्या मानसाचं काय व्हतं ते.

धर्मराज : आज त्यांना सगळं सुरुवातीलाच उमगेल. पाहा, पुढची रांग मांडून तयार आहे. दिवेलागणीनंतर लगेच नावं सुरू होतील, तेव्हा वेळेवर या म्हणावं.

रखमाजी : खुर्च्या राहू द्या मांडलेल्या. पन मोठ्या घरचे लोक आधी येऊन बसत न्हाईत, मालक. गावात बरं दिसत न्हाई ते. अन् नावं पाहायला कोन येतं? तुम्ही फकस्त एक बारकं काम करा. नावं सरली, की घरी तेवढा निरोप धाडा. मंग समदे येतेत.